तीन अंगुळे

“मग उद्या आसन कुणाचं, गुरुजी? माझं की त्र्यंबकाचं?”

रंगनाथशास्त्री झोळीचा बंद सारखा करत राहिले.

“हे मी तिसऱ्यांदा विचारतो आहे.”

“चौथ्यांदा,” शास्त्रीबुवा म्हणाले. “पहिल्यांदा विचारलंस तेव्हा नेत्रवैद्यांच्या यंत्रावर माझी हनुवटी टेकवलेली होती. बोलायची बंदी होती.”

नागपूरच्या विमानतळावर गुरुशिष्य पुण्याच्या विमानाची वाट पाहत होते. बाहेर वैशाखाचे ऊन काचांवर आदळत होते आणि आत माघातला गारठा पडला होता. शास्त्रीबुवांच्या अंगावर धोतर, एक विरलेले उपरणे आणि खांद्याला कापडी झोळी. वय ब्याऐंशी. डावा डोळा गेला तो गेलाच, उजवा जपा, असे वैद्यांनी सकाळी सांगितले होते.

उद्या अक्षय्यतृतीया. कृष्णाकाठच्या आपल्या पाठशाळेत सूर्योदयाला शास्त्रीबुवा अध्यापनाचे आसन शिष्याच्या स्वाधीन करणार होते.

ते आसन म्हणजे काळ्या घोंगडीचा एक तुकडा. दीड हात लांब, सव्वा हात रुंद. एका माणसाची मांडी त्यावर जेमतेम मावते. चार पिढ्यांच्या गुरूंनी त्यावर बसून शिकवले होते.

चिदंबर कवठेकर हा शास्त्रीबुवांचा सर्वांत तल्लख शिष्य. हे स्वतः शास्त्रीबुवाही नाकारत नसत. गेला महिनाभर तो वैराग्यावर प्रवचने देत हिंडत होता. नऊ गावे झाली, नऊ सत्कार झाले. त्याचा गुरुबंधू त्र्यंबक मात्र वीस वर्षांत पाठशाळेच्या अंगणाबाहेर कुठे बोलला नव्हता.

“त्र्यंबक गुणी आहे,” चिदंबर म्हणाला. “पण चार माणसांपुढे उभा केला की त्याची जीभ टाळूला चिकटते.”

“चिकटते खरी.”

“मग?”

“सुतार येऊन गेला म्हणे पाठशाळेत.”

चिदंबराने बॅगेची दांडी दुसऱ्या हातात घेतली.

“व्यासपीठ करायला सांगितलं आहे. सागवानी. बाहेरगावचे पाहुणे येतील उद्या. मागच्यांना दिसायला हवं.”

“काय दिसायला हवं?”

“...आसन.”

“हं.”

तेवढ्यात विमानात चढण्याची सूचना झाली आणि रांग सरकू लागली.

दाराशी एक लोखंडी चौकट मांडलेली होती. तिच्याशेजारी गणवेशातली एक तरुणी उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होते : प्रणाली खोब्रागडे. ज्याची बॅग फुगलेली दिसेल त्याला ती बाजूला घेत होती.

तिने चिदंबराच्या चाकांच्या बॅगेकडे पाहिले.

“सर, ही जरा यात ठेवून दाखवा.”

“कशासाठी?”

“मोठी वाटते. मावली तर जा. नाही मावली तर चार्ज लागेल.”

“किती?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“दोन हजार, आजोबा.”

शास्त्रीबुवांनी झोळीत हात घातला. चिदंबराने तो हात वरच्या वर धरला.

“नको, गुरुजी. प्रश्न द्रव्याचा नाही, सत्याचा आहे.”

मागून कुणीतरी म्हणाले, “महाराज, सत्य थोडं बाजूला घ्या ना. आम्हाला जाऊ द्या.”

रांग हसली. चिदंबर हसला नाही.

“ताई, हीच पिशवी घेऊन मी महिन्यापूर्वी पुण्याहून निघालो. विमान तुमच्याच कंपनीचं. अशीच चौकट होती. पिशवी आत गेली, बाहेर आली, आणि तुमच्या माणसाने मला वर नमस्कार केला. महिन्याभरात काय आकसलं? चौकट, की कंपनीची नियत?”

“चौकट लोखंडाची आहे, सर.”

“आणि पिशवी तीच आहे.”

“मग ठेवून दाखवा.”

“तीच आहे म्हणतो ना! असत्य बोलायचा मला सराव नाही.”

“मी कुठं म्हटलं तुम्ही खोटं बोलता?” प्रणाली म्हणाली. “सर, गेल्या आठवड्यात माझा सख्खा मामा आला होता इथं. त्याची नाही मावली. त्यालाही भरायला लावले. आता बोलतच नाही माझ्याशी. मावशीकडच्या लग्नात माझ्याकडं पाठ करून जेवला.”

“आणि मामी?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“मामी बोलते ना जी. तिची मावली होती.”

शास्त्रीबुवा मनापासून हसले.

चिदंबराने बॅग उचलली आणि चौकटीत सोडली. ती अर्ध्यावर अडली. त्याने तळव्याने दाबली. मग कोपराने. मग इकडेतिकडे पाहून गुडघ्याने.

बॅग हलली नाही.

“चौकट लहान केली आहे,” तो म्हणाला. “ही सरळसरळ फसवणूक आहे.”

शास्त्रीबुवा पुढे झाले.

पाठशाळेत होमासाठी मातीचा ओटा घालतात तो पट्टीने मोजत नाहीत, बोटांनी मोजतात. एका बोटाची रुंदी म्हणजे एक अंगुळ. शास्त्रीबुवांनी चौकटीच्या काठावर बोटे टेकवली. चार, आणखी चार, आणखी चार, मग एक. तशीच ती बॅगेच्या कडेवरून चालवली. दिसत कमी होते, पण या कामाला डोळे लागत नसत.

“चौकट तेरा अंगुळे,” ते म्हणाले. “पिशवी सोळा.”

“तीन अंगुळे...”

चिदंबराच्या तोंडून निघाले. कंपनीच्या चौकटीवर त्याने अविश्वास दाखवला असता. त्या बोटांवर त्याला अविश्वास दाखवता येईना. पंचवीस वर्षांत त्या बोटांनी घातलेला एकही ओटा वाकडा झाला नव्हता.

“पण पिशवी तीच आहे, गुरुजी.”

“असेल. आत काय आहे?”

चिदंबराने बॅग जमिनीवर आडवी केली आणि उघडली.

शाली. जरीच्या काठाच्या, घडी न मोडलेल्या. शेंदरी, मोरपंखी, डाळिंबी. एकीच्या घडीत सत्काराच्या वेळच्या अक्षता अजून अडकलेल्या होत्या.

“नऊ आहेत,” तो म्हणाला. “मी मागितलेल्या नाहीत. आपल्याला ठाऊक आहे, या फेरीत मी दक्षिणा घेतली नाही. एका नाण्यालासुद्धा शिवलो नाही.”

“ठाऊक आहे. नवव्या दिवशी वर्तमानपत्रात आलं होतं.”

“शाल नाकारली तर यजमान दुखावतो.”

“दुखावतो.”

“मग माझं काय चुकलं?”

शास्त्रीबुवांनी बोटांनी एका शालीची जर चाचपली.

“सर, बारा मिनिटांनी दार बंद होईल,” प्रणाली म्हणाली. “आजचं पुण्याचं हे शेवटचं विमान. एक तर पैसे भरा, नाही तर सामान कमी करा. मला काहीच अडचण नाही.”

“पैसे देतो मी,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“नाही!”

चिदंबर उभा राहिला. त्याचा चेहरा एकाएकी उजळला. प्रवचनात एखादा अवघड श्लोक सुटताना त्याचा चेहरा असाच उजळत असे.

“गुरुजी, आपण मला दाखवलंत. मी पाहिलं. ज्याच्यावर महिनाभर बोललो ते करून दाखवायची वेळ इथे आली आहे. या शालींपायी माझं विमान अडणार नाही आणि उद्याचं आसनही अडणार नाही.”

त्याने नऊही शाली दोन्ही हातांवर घेतल्या आणि तो प्रतीक्षेत बसलेल्या माणसांकडे वळला.

पहिल्या बाकावर एक म्हातारी दंडांवर हात चोळत बसली होती. चिदंबराने मोरपंखी शाल तिच्या खांद्यावर घातली आणि म्हटले, “न मम.”

अग्नीत आहुती सोडताना यजमान हे दोन शब्द म्हणतो. माझे नाही.

“अगं बाई,” म्हातारी म्हणाली. “कोण तुम्ही?”

“कुणी नाही, आजी.”

दुसरी शाल एका बाळंतिणीला. न मम. तिसरी रजेवर निघालेल्या एका जवानाला. न मम. चौथीपाशी आवाज थोडा चढला. पाचवीपाशी कुणीतरी मोबाइल वर धरला. सहावी घालताना चिदंबराने तोंड किंचित मोबाइलच्या बाजूला केले. उजेड त्या बाजूने चांगला होता.

नववीला टाळ्या पडल्या.

तो रिकाम्या हातांनी परत आला. पावले हलकी होती.

“मोकळा झालो, गुरुजी.”

शास्त्रीबुवांनी मान हलवली.

प्रणाली हे सारे चौकटीवर हात ठेवून पाहत होती. तिने विचारले, “आजोबांना नाही दिली?”

चिदंबराने गुरूंकडे पाहिले. विरलेल्या उपरण्याखालून उजवा खांदा उघडा पडला होता. त्यावर काटा उभा होता. दोन्ही हात काखेत घेतलेले होते. ते केव्हापासून तसे होते, ते त्याला सांगता आले नसते.

“गुरुजी... मी एक परत...”

“दिलेलं परत मागायचं नाही.”

“आपल्याला थंडी वाजते आहे.”

“वाजते. नाही कशाला म्हणू? तू पिशवी ठेव.”

चिदंबराने बॅग बंद केली. आत आता दोन धोतरे, एक पंचांग आणि एक वही एवढेच उरले होते. त्याने ती एका हाताने उचलली आणि चौकटीत सोडली.

बॅग अर्ध्यावर अडली.

पहिल्यांदा जिथे अडली होती, तिथेच.

चिदंबर पाहत राहिला.

त्याने ती काढली, हलवली. आतले पंचांग एका कडेवरून दुसऱ्या कडेला घसरले. त्याने ती पुन्हा सोडली. लोखंड खडखडले. बॅग अडली.

“रिकामी आहे...” तो म्हणाला.

त्याने गुरूंकडे पाहिले.

“सगळं दिलं, गुरुजी. आत काही नाही. मग काय अडतं आहे?”

“सर, तिची ती...” प्रणालीने तोंड उघडले. अशा बॅगा ती रोज पाहत होती.

शास्त्रीबुवांनी एक बोट वर केले. ती थांबली.

रांग संपली होती. मोबाइल खाली गेला होता. शाली मिळालेली माणसे दारातून आत निघून गेली होती. त्यांच्यातल्या कुणी मागे वळून पाहिले नाही.

चिदंबर बॅगेकडे पाहत उभा होता. तीच पिशवी, असे तो आता म्हणत नव्हता.

“चार मिनिटं,” प्रणाली हलक्या आवाजात म्हणाली.

शास्त्रीबुवा खाली बसले. फरशी थंडगार होती. त्यांनी बॅग आपल्यापुढे आडवी ओढली आणि तिच्या कडेवरून बोटे फिरवू लागले, पोथीचे पान सुटे करावे तशी, घाई न करता. एका जागी बोटे थांबली. तिथे कापडाची एक घडी सैल पडली होती आणि घडीच्या तळाशी एक चेन होती. बॅगेला चहूबाजूंनी वेढणारी. उघडी.

त्यांनी चेनची कडी पकडली आणि ओढली. सैल कापड आत आत जाऊ लागले. तिसऱ्या कोपऱ्यावर चेन अडली.

“दाब,” शास्त्रीबुवा म्हणाले.

चिदंबर गुडघ्यांवर बसला. गेला महिनाभर तो जमिनीवर बसला नव्हता. गावोगावी त्याच्यासाठी उंच खुर्ची मांडलेली असे. त्याने दोन्ही तळवे बॅगेवर रोवले आणि दाबले.

“ही केव्हा उघडलीस?”

चिदंबराला आधी आठवेना. मग आठवले, आणि त्याला ते सांगवेना.

“इंदूरला,” तो शेवटी म्हणाला. “यजमानांच्या सूनबाईंनी दाखवली. म्हणाल्या, महाराज, ही उघडली की आत जागा वाढते.”

“तेव्हा शाली किती होत्या?”

चिदंबराने तळवे आणखी दाबले.

“किती होत्या?”

“एक.”

शास्त्रीबुवा ओढता ओढता थांबले.

“एकच होती, गुरुजी. पण पुढे आठ गावं होती...”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तळव्यांचा दाब मात्र त्याने सोडला नाही.

शास्त्रीबुवांनी कडी पुन्हा धरली. चेन कोपऱ्यावरून सुटली, चौथ्या बाजूने सरकली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन मिटली.

चिदंबराने बॅग उचलली. चौकटीत धरली; दाबायलाही लागली नाही. ती आपसूक तळाला गेली. आवाज झाला नाही.

“झालं,” प्रणाली म्हणाली. “जा सर. काही लागत नाही.”

तो गेला नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी तुम्हाला फसवणूक म्हणालो.”

“रोज दहा जण म्हणतात.”

“त्यांचं मला ठाऊक नाही. मी म्हणालो ते चुकलं.”

प्रणालीने त्याच्याकडे पाहिले. मग तिने आपल्या मेजामागच्या खुर्चीवरून कंपनीची निळी शाल उचलली. उतारूंसाठी ठेवतात तसली, पातळ, काठ नसलेली. ती तिने शास्त्रीबुवांच्या खांद्यावर टाकली.

“आजोबा, विमानात वापरा आणि उतरताना सीटवर ठेवून द्या. भेट नाही हो ही. परत लागते.”

“ही उत्तम,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी ती अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतली.

दारापलीकडे विमानापर्यंत जाणारा काचेचा लांब मार्ग होता. शास्त्रीबुवांना उतार दिसेना. चिदंबराने त्यांचा हात आपल्या हातावर घेतला. बॅगेला चाके होती, तरी त्याने ती ओढली नाही; काखेत धरली. एरवी तो गुरूंच्या चार पावले पुढे चालत असे आणि मग थांबून वाट पाहत असे. आज त्याचे पाऊल गुरूंच्या पावलाबरोबर पडत होते.

अर्धी वाट ते असेच चालले.

“गुरुजी, सुताराला फोन करू का?”

“काय सांगशील?”

“व्यासपीठ नको म्हणून.”

“लाकूड कापून झालं असेल त्याचं. दोन बाकं करायला सांग. मागच्या ओळीतल्या मुलांच्या पाठी दुखतात, असं त्र्यंबक दोन वर्षं सांगतो आहे.”

“मला कधी बोलला नाही.”

“तू गावाला असायचास.”

विमानाचे दार दिसू लागले. दाराशी उभी असलेली बाई हात जोडून हसत होती.

चिदंबर थांबला. प्रश्न तोच होता. त्याने तो विचारायला तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले, की तो त्याला तसा विचारता येत नाही.

“गुरुजी, उद्या मी कुठे बसू? त्र्यंबकाच्या पुढे की मागे?”

शास्त्रीबुवांनी निळी शाल सावरली. चिदंबराच्या काखेतल्या बॅगेवरून त्यांनी एकदा बोटे फिरवली. चार, आणखी चार, आणखी चार, मग एक.

“घोंगडी दीड हातच आहे, चिदंबरा,” ते म्हणाले. “दोघं मावून दाखवा.”